लहान्याचं वजन परत आलं, टब वेगळे केल्यानंतरचं अपडेट

आज सकाळी काट्यावर माझा साप लहान्या 655 ग्रॅम भरला!! एप्रिलमध्ये 640 होता अन् जूनच्या सुरुवातीला पार 570 वर आला होता, त्यामुळे आज लय बरं वाटलं.

नवीन लोकांसाठी सांगतो, माझ्याकडे दोन बॉल पायथन (आफ्रिकेतले छोटे अजगर) आहेत, भुरी ही मोठी मादी अन् लहान्या नर, दोघांचीही परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी केलेली आहे. (आपल्या इकडचे साप घरी ठेवायचे नाहीत, 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वावरात धामण निघाली तर सर्पमित्राला बोलवा, टबात टाकू नका.)

तर एप्रिलमध्ये पारा 44 च्या वर गेला. बाकी जगाला साप गरम कसा ठेवायचा याची काळजी, आपल्याला थंड कसा ठेवायचा याची. यांना गरम बाजू 32 अन् थंड बाजू 26 च्या आसपास लागते. घरात कुलर एकाच खोलीत, तिथे एकच मोठा टब मावत होता म्हणून दोघांना संगच टाकलं. आई पण म्हणे, "एकटं कसं राहीन बाप्पा ते, राहू दे नं दोघायले संग."

आठ दिवसात दोघं एकाच हाईडमध्ये (लपायच्या जागेत) वेटोळं करून बसायला लागले, मी खुश, जोडी जमली म्हणून सगळ्यांना फोटो पाठवले. मग रात्री टॉर्च मारून नीट पाहिलं तर वेगळंच. फुटक्या माठाचा अर्धा तुकडा कुलरच्या बाजूला ओलसर राहायचा, अख्ख्या टबात तेवढीच एक चांगली जागा, भुरी तिथे पसरलेली अन् लहान्या तिच्याखाली दबलेला, नाक तेवढं बाहेर. दुसऱ्या टोकाला हाईड होतं पण तिथे मीटर 35 दाखवायचा, मग तो जाणार कुठे? ते प्रेम नव्हतं, जागेची ओढाताण होती. आफ्रिकेत हे साप उंदराच्या बिळात नाहीतर वारुळात एकएकटे राहतात.

पुढे एक दिवस टबात ओकलेला उंदीर सापडला, आदल्या दिवशी दोघांनीही खाल्लेलं, कोणी ओकला कसं कळणार? दोघांनाही दोन आठवडे उपाशी ठेवावं लागलं. त्यानंतर लहान्या वेगळ्या डब्यात नेऊनही उंदराकडे पाहीना, मान वळवून पवित्रा घेणं तर दूरच, वेटोळ्यातच तोंड खुपसून बसायचा. एकाला गोचीड झाली असती तर दुसऱ्यालाही झालीच असती, ते तरी वाचलं.

जूनमध्ये दिवाण बाहेर काढला, दुसरा टब लावला, माठाचा उरलेला अर्धा तुकडा त्यात ठेवला. तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला लहान्याने असा झपाटा मारला की चिमटा हातातून सुटला माझ्या!

गार्टर साप (अमेरिकेकडचे छोटे साप) लोक संग ठेवतात, त्यांची गोष्ट वेगळी आहे. पण बॉल पायथन असेल अन् जागा नसेल तर दुसरा घेऊच नका. भुरीचं वजन रविवारी टाकतो, ती सध्या कात टाकायच्या बेतात आहे, डोळे निळसर झालेत.