‘सर, इमिजिएट जॉइनर आहात का?’

2023 च्या पावसाळ्यात मी नोकरी शोधायला लागलो. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चौदा वर्षं काढलेली, वय अडतीस, रेझ्युमे मित्रांकडून तीनदा तपासून घेतलेला. नोकरीच्या साइटवर रोज सकाळी नऊच्या आत प्रोफाइलमधला एखादा पूर्णविराम काढायचा आणि दुसऱ्या दिवशी परत टाकायचा, म्हणजे ‘आज अपडेट केलं’ असं दिसतं आणि आपण यादीत वर राहतो, हेही एकाने शिकवलं. चाळिशीला टेकलेला माणूस रोज पूर्णविराम हलवत बसलाय, हे दृश्य बायकोला फार आवडायचं.

फोन यायचे, पण सगळे एकाच जागी येऊन अडायचे: राजीनामा दिल्यावर जुन्या कंपनीत किती दिवस थांबावं लागतं.

“नोटीस पिरियड किती आहे सर?”

“नव्वद दिवस.”

“ओह. क्लायंटला इमिजिएट जॉइनर हवाय. मॅक्सिमम पंधरा दिवस.”

संपलं. मी काय काम करतो, इथपर्यंत गाडी पोहोचायचीच नाही. शेवटी एका रिक्रूटर मुलीने मोकळेपणाने सांगितलं, “सर, आधी पेपर टाका, मग बघा कसे कॉल येतात.” हातात दुसरी ऑफर नसताना राजीनामा द्यायचा. घराचा हप्ता चालू, मुलगी चौथीत. बायको म्हणाली, “आणि हप्ता कोण भरणार, इमिजिएट जॉइनर?” दोन आठवडे विचार करून पेपर टाकला. प्रोफाइलवर ‘सर्व्हिंग नोटीस’, म्हणजे नोटीसचे दिवस चालू आहेत, असं लिहिलं आणि शेवटच्या दिवसाची तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी दहा वाजल्यापासून फोन थांबेना. माणूस तोच, रेझ्युमे तोच, पूर्णविरामही होता तिथेच.

पहिला इंटरव्ह्यू व्हिडिओवर होता, पण समोर माणूस नव्हता. स्क्रीनवर प्रश्न येणार, विचार करायला तीस सेकंद, बोलायला दोन मिनिटं, नजर कॅमेऱ्यावर ठेवायची. नेमका गुरुवार, म्हणजे महावितरणच्या दुरुस्तीचा वार. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, उकाड्यात, शर्टाखाली हाफ पँट घालून मी एका मशिनला माझ्या आयुष्यातलं अपयश सांगितलं. उत्तर आजतागायत आलेलं नाही. दुसरीकडे ऑनलाइन टेस्टमध्ये लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगितली, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी उलट्या क्रमाने लावणारा प्रोग्रॅम लिहायला. चौदा वर्षांत मला कुणी एकदाही लिंक्ड लिस्ट उलटी करायला लावलेली नाही. दुसऱ्याने बनवलेलं कुठे मोडतं ते शोधायचं, हे माझं काम. एखादी बिघडलेली स्क्रीन समोर टाकून ‘शोध यातल्या चुका’ असं कुणीतरी म्हणायला काय हरकत होती?

बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर धातू कातायचे. 1981 साली त्यांची ट्रेड टेस्ट झाली. फोरमनने ड्रॉइंग दिलं, एक रॉड दिला आणि लेथ दाखवला. दोन तासांनी बाबांनी कातलेला तुकडा हातात घेऊन त्याला मायक्रोमीटर लावला आणि म्हणाला, सोमवारपासून ये. हे बाबा अजून रंगवून सांगतात. फोरमन आमच्याच तालुक्यातला होता, हे मात्र आईला सांगावं लागतं.

सातव्या की आठव्या ठिकाणी एका मॅनेजरने खरंच कामाचं विचारलं. पेमेंटच्या स्क्रीनवर पैसे कापले गेले पण ऑर्डर झाली नाही, तर तू पहिल्यांदा काय बघशील? आम्ही चाळीस मिनिटं त्यावरच बोललो. मला वाटलं, झालं. तर पुढे आणखी तीन राउंड, त्यातला एक ‘कल्चर फिट’चा, म्हणजे माणूस कंपनीच्या वातावरणात बसतो का ते बघायचा. शनिवार-रविवारी काय करता, असं विचारलं. भाजी आणतो आणि झोपतो, हे उत्तर चालत नाही. ट्रेकिंग सांगितलं.

मग एचआर. तीन महिन्यांच्या पे-स्लिप, फॉर्म 16, पीएफचं पासबुक. एचआर बाईंनी दोनदा विचारलं, “दुसरी ऑफर नाही ना हातात? लोक आयत्या वेळी येतच नाहीत हो.” यात त्यांची चूक नाही. नव्वद दिवस मोकळे मिळाले की माणूस एक ऑफर दाखवून दुसरी मिळवतो, दुसरी दाखवून तिसरी. म्हणून कंपन्याही एका जागेसाठी दोन-तीन जणांना धरून ठेवतात.

ऑफर आली अठरा लाखांची. भावाने लगेच बाराने भागून दीड लाख सांगितले. मी तक्ता उघडला. बेसिक, म्हणजे मूळ पगार, 40 टक्के: 7,20,000. कंपनीने भरायचा पीएफ त्यावर 12 टक्के, 86,400, तो माझ्याच पगारात मोजलेला. नोकरी सोडताना मिळायची ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, 34,632, तीही मोजलेली, आणि पाच वर्षं पूर्ण केल्याशिवाय ती मिळत नाही. 1,80,000 व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं आणि माझं वर्ष बरं गेलं तर. शिवाय विम्याचा हप्ता. पुढे माझा पीएफ आणि टॅक्स कापून महिन्याला हातात लाखाच्या जरा वर. अठरा लाख हा आकडा लग्नाच्या बैठकीत सांगायला उत्तम आहे.

पत्राच्या अकराव्या पानावर, पंधरा दिवसांत हजर व्हायला सांगणाऱ्या त्याच कंपनीने लिहिलं होतं: नोटीस पिरियड 90 दिवस. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “पॉलिसी आहे सर, सगळ्यांना सेम.” मी सही केली.

चार महिन्यांनी मॅनेजरने मला एक एक्सेल पाठवली. टेस्टर घ्यायचाय, तू जरा नावं काढ. सदतीस जण होते. नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज डोक्यावर होता. मी नोटीस पिरियडच्या कॉलमला फिल्टर लावला, तीस दिवसांपर्यंतचे ठेवले. नऊ उरले. बाकीच्या अठ्ठावीस जणांचे रेझ्युमे मी उघडले नाहीत.