क्लच नाही म्हणतोस, मग जळलं काय?

हा प्रश्न आबांचा. एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर, सातारा-महाबळेश्वर मेढ्यावरून, केळघरचा घाट त्यांना झोपेत पण पाठ असेल. आणि प्रश्न विचारला कुठं तर खंबाटकीत, शनिवारी सकाळी, भर ट्रॅफिकमधे, मागं ऊसाचा नाही पण तसलाच कसलातरी लोड ट्रक चिकटलेला आणि गाडीत जळका वास. पुण्याहून येत होतो, म्हणजे चढाच्या बाजूनं. वीकेंडला निम्मं पुणं महाबळेश्वरला निघालेलं असतं त्यामुळं घाटात गाड्या अशा की उतरून चालत गेलं तर लवकर पोचेल माणूस.

तर झालं असं की गाडी नवी होती, तीन महिने झालेले. एएमटी. आमच्या घरातली पहिली ऑटोमॅटिक. 2014 ला सेलेरिओ आली तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडं स्वस्तात मिळायला लागला, त्याआधी ऑटोमॅटिक म्हणजे मोठ्या लोकांची गाडी असंच होतं. माझा डावा गुडघा जरा कुरकुरतो म्हणून घेतली, आणि शोरूममधला पोरगा म्हणाला होता, "सर, आता क्लचचं टेन्शनच नाही." मी पण खूष. मग घाटात मी काय करत होतो तर ब्रेक सोडला की गाडी जरा मागं सरकते, मागं ट्रक, जीव खालीवर, म्हणून ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर जागच्या जागी धरून ठेवत होतो. पुढची गाडी दोन फूट सरकली की मी दोन फूट. परत धरून ठेवायची. असं वीसेक मिनिटं. एकदम छान कंट्रोल आलाय असं वाटत होतं मला, खरं सांगतो.

मग पोरगी मागनं म्हणाली "पप्पा वास येतोय". आधी वाटलं ट्रकचे ब्रेक लायनर. मग डॅशबोर्डवर दिवा आणि पी पी पी पी. आबांनी नाक वर करून एकदा हुंगलं आणि म्हणाले, "प्लेट जळतीय." मी म्हटलं आबा ह्याला क्लच नसतो. तर म्हणाले, "क्लच नाही म्हणतोस, मग जळलं काय?"

गप बसलो. कडेला जरा जागा होती तिथं घेतली, बंद केली, अर्धा तास माकडं बघत बसलो.

नंतर आमच्या मेस्त्रीनं सांगितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. एएमटी म्हणजे साध्या गाडीचाच गियरबॉक्स आणि साध्या गाडीचीच क्लच प्लेट, फक्त पायानं दाबायचं काम आता एक मोटर-पंपवाला यंत्रमानव करतो. पेडल गेलंय, प्लेट तिथंच आहे. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरली म्हणजे तो बिचारा सतत हाफ क्लच देत बसतो, आपण लर्निंगला असताना मास्तर ज्याच्यावरून बोंबलायचा तेच. पण गंमत बघा, गाडी थांबलीय, डी मधेच (म्हणजे ड्राइव्ह, पुढं जायचा गियर) आहे आणि ब्रेक पूर्ण दाबलाय, तर तो यंत्रमानव क्लच पूर्ण सोडवून ठेवतो, प्लेट घासतच नाही. म्हणजे थांबायचं तर ब्रेक दाबून नीट थांबा, निघायचं तर नीट निघा, ते मधलं लोंबकळणं वाईट. पुढं दोन फूट मोकळे झाले की लगेच सरकायची घाई करायची नाही, जरा गाडीभर जागा होऊ द्यायची आणि मग एकदाच जायचं. मागचा हॉर्न मारतो, मारू दे. आमच्याकडं नाहीतरी सिग्नल हिरवा व्हायच्या आधी हॉर्न वाजतो.

आणि चढावर हँडब्रेक. हे तर आबा पहिल्यापासून बोंबलत होते. हँडब्रेक ओढा, पाय काढा, निघताना डी मधे ॲक्सिलरेटर द्या, गाडीनं जरा ओढ घेतली की हँडब्रेक खाली. काही गाड्यांत हिल होल्ड असतं, चढावर ब्रेक सोडला तरी गाडी आपोआप धरणारं, पण ते दोन-तीन सेकंद धरतं, तेवढ्यात आपला पाय ब्रेकवरनं ॲक्सिलरेटरवर आला पाहिजे, इतकंच. त्याच्यावर भजन करत बसायचं नाही.

हे सगळं शिकलो आणि मोठा शहाणा झालो, तेवढ्यात मेव्हणा आला पुण्याहून त्याची नवी गाडी घेऊन. ती पण ऑटोमॅटिक, पण दुसऱ्या प्रकारची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. मी लगेच ज्ञान द्यायला सुरुवात केली तर म्हणाला, "दाजी, माझ्यात प्लेटच नाही तसली." आणि खरंच नाही. तिथं इंजिन आणि गियरबॉक्सच्या मधे तेल असतं, एक पंखा तेल ढकलतो, दुसरा त्यानं फिरतो. गाडी थांबलेली, डी मधे, ब्रेकवर पाय, तरी इंजिन ढकलतच असतं, दुसरा पंखा उभा, त्यामुळं सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. पण त्याला कूलर असतो, मिनिट दोन मिनिटं काहीच होत नाही. लांब खोळंबा असेल तर एन म्हणजे न्यूट्रल आणि हँडब्रेक, पेट्रोल पण थोडं वाचतं आणि पायाला आराम. पण दर दहा सेकंदाला डी-एन-डी-एन करत बसण्यात अर्थ नाही, प्रत्येक वेळी आतले छोटे क्लच पॅक सुटतात-धरतात, आणि सवय लागली की एखाद्या दिवशी एन मधे आहे हे विसरून माणूस ॲक्सिलरेटर तुडवतो आणि मग घाईत डी टाकतो. त्यानं बॉक्सला दणका बसतो.

मेव्हण्याची एक खोड मात्र मी सोडवली. तो थांबला की थेट पी, म्हणजे पार्किंग. बॉम्बे रेस्टॉरंट चौकात अशीच गर्दी होती, ह्यानं पी टाकला, मग निघताना पी वरनं डी. आता मधे आर, म्हणजे रिव्हर्स, लागतोच ना. मागं स्कूटीवर एक ताई होत्या, ह्याचा पांढरा लाइट लागला क्षणभर आणि त्या बिचाऱ्या दोन्ही पाय टेकवून स्कूटी मागं ढकलायला लागल्या, पिशवीतली कोथिंबीर रस्त्यावर. काच खाली करायला लावून जे ऐकवलं त्यांनी ते इथं लिहीत नाही. शिवाय पी मधे गाडी एका छोट्या खुंटीवर अडकलेली असते, मागनं कुणी ठोकलं तर ती खुंटी तुटायची भीती. माझ्या एएमटीत तर पी नाहीच, लावताना गियरमधे ठेवून इंजिन बंद आणि हँडब्रेक, साध्या गाडीसारखं.

प्लेट वाचली माझी, मेस्त्री म्हणाला थोडी घासलीय पण चालतीय. अजून तीच आहे.

परवा सप्टेंबरात कासला निघालो, यवतेश्वरच्या घाटात नेहमीची रांग. आबा शेजारी. गाडी थांबली की मी हँडब्रेककडं हात न्यायच्या आत त्यांचा उजवा हात तिथं पोचलेला, ओढला, आणि निघायच्या वेळी खाली बघितलं तर डावा पाय मॅटवर दाबलेला. म्हटलं आबा काय करताय.

"क्लच दाबतोय," म्हणाले, "तुझा तो यंत्रमानव विसरला तर?"