आवक शिक्का

अकरा महिन्यांच्या रजेनंतर मी हजर व्हायला गेले, तर बडे बाबूंनी माझ्यासमोर एक लिफाफा ठेवला. आत दोन पानी आदेश: विनापरवाना गैरहजेरी सिद्ध झाली असून सेवेतून काढून टाकण्यात येत आहे. मी इंदूरमधल्या एका केंद्रीय कार्यालयात चौदा वर्षं लिपिक होते. आईला पक्षाघात झाला होता आणि मी दर दोन महिन्यांनी डॉक्टरांच्या दाखल्यासह रजावाढीचा अर्ज देत होते. माझी चौकशी झाली, हेच मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मामा आले. हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. आदेश वाचून म्हणाले, "सही करताना आजची तारीख घातलीस ना? अपिलाचे 45 दिवस तिथूनच मोजायचे. आणि अगं, चौकशी अहवाल कुठाय?"

अहवाल मला कुणी दिलाच नव्हता. घटनेच्या कलम 311 प्रमाणे आरोप सांगून, बाजू मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय काढता येत नाही. केंद्रीय नियमांत अहवालाची प्रत देऊन म्हणणं मांडायला 15 दिवस द्यावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये करुणाकर प्रकरणात हेच ठरवलं, पण प्रत न मिळाल्याने नुकसान काय झालं तेही पाहायचं असं सांगितलं. म्हणून वकीलबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "प्रत मिळाली नाही एवढ्यावर भागणार नाही. मिळाली असती तर तुम्ही काय म्हणाला असतात, ते दाखवा."

ते फाईलमध्ये सापडलं. माहिती अधिकारात दहा रुपये भरून मी चौकशीच्या सगळ्या कागदांच्या प्रती मागितल्या. 29 व्या दिवशी आल्या. आरोपपत्र आणि सुनावणीच्या नोटिसा, सगळ्या लिफाफ्यांवर रामबागेतल्या जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता, आणि पोस्टमनचा शेरा: 'घर बंद'. त्याच फाईलमध्ये माझा पहिला रजावाढीचा अर्ज होता. त्यात सुदामानगरचा, आईच्या घराचा पत्ता माझ्या अक्षरात, आणि डाव्या कोपऱ्यात कार्यालयाचा जांभळा आवक शिक्का, तारखेसकट. तो कागद मी कितीदा पाहिला असेन! पत्ता त्यांच्याकडे होता, दाखलेही होते, तरी एकतर्फी चौकशी करून मोकळे झाले. याचा राग मला आजही येतो.

40 व्या दिवशी अपील दिलं. सहा महिने उत्तर नाही. तेवढी वाट पाहिल्यावर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं, पुढच्या एका वर्षाच्या आत. अर्जाची फी फक्त 50 रुपये. खरा खर्च वकिलांचा. खंडपीठ जबलपूरला, पण त्याची फिरती बैठक इंदूरला होते, त्यामुळे आईला सोडून रात्रीची गाडी पकडावी लागली नाही. (राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांचा रस्ता वेगळा आहे. मध्य प्रदेशात त्यांचं न्यायाधिकरण राहिलेलं नाही, खात्याचं अपील झालं की उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात जावं लागतं.)

जवळजवळ तीन वर्षं तारखा चालल्या. वकीलबाईंनी 2012 चा कृष्णकांत परमार निकालही ठेवला: गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही. आदेश रद्द झाला, पण नव्याने चौकशीची मुभा खात्याला मिळाली. घरच्यांना वाटलं, जिंकलो. प्रत्यक्षात मी काढल्या तारखेपासून निलंबित धरली गेले आणि सुरुवातीला अर्ध्या पगाराइतका निर्वाहभत्ता मिळाला. त्यातून आधी औषधाच्या दुकानाची उधारी फेडली. आई तोवर गेली होती.

दुसऱ्या चौकशीत मामा माझे बचाव साहाय्यक होते. निवृत्त कर्मचारीही घेता येतो. या वेळी दाखले वाचले गेले, आरोप टिकला नाही. मी गेल्या वर्षी पुन्हा कामावर रुजू झाले.

मधल्या काळाच्या पूर्ण पगाराचा निर्णय बाकी आहे. त्याचं निवेदन मागच्या सोमवारी दिलं. दोन प्रती नेल्या होत्या, एकीवर शिक्का मारून घेतला.