बोटुकल्यांची गाडी

ऑगस्टमधला तो दिवस दोन कामांचा होता. सकाळी माशांच्या माद्या पिळून अंडी काढायची आणि संध्याकाळी गेल्या हंगामातली बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्लं, पॅक करून गाडीत चढवायची. आमचं मत्स्यबीज केंद्र सह्याद्रीत, मासा निळ्या पराचा महसीर. 1839 साली साइक्सने त्याची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे अगदी घरचा.

पिळायचं काम मी दुसऱ्याला देत नाही. मादी ओल्या फडक्यात धरायची, पण पोटाचा भाग पुसून कोरडा. नराचं दूध, म्हणजे वीर्य, मिसळायच्या आत पाणी लागलं की अंडी फळत नाहीत. अंगठा हलकेच खाली सरकवायचा. पिकलेली असेल तर सोनेरी, तीनेक मिलिमीटरची अंडी आपसूक ओघळतात. जोर लावावा लागला तर सोडून द्यायची, ती तयार नाही. मग त्यावर ते दूध आणि कोंबडीच्या पिसाने कालवणं. ही अंडी जड, तळाला बसणारी, म्हणून ट्रेमध्ये एकाच थरात आणि वरून सतत वाहतं पाणी. पांढरी पडलेली चिमट्याने वेचली नाहीत तर बुरशी अख्खा ट्रे खाते. नवी पोरं हे काम मोबाईल बघत करतात. त्यांच्या ट्रेमध्ये शेवटी काय उरतं ते मलाच बघावं लागतं.

त्या दिवशी म्हैसूरकडची एक संशोधक मुलगी आली होती. बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. मग म्हणाली, "सर, नर किती वापरले?"

"तीन."

"माद्या?"

"अकरा."

तिने वहीत लिहून घेतलं, बोलली काहीच नाही. सगळं बीज तीनच बापांचं, हे तिने न सांगताही कळत होतं. मला त्या न बोलण्याचाच राग आला.

चहाच्या वेळी तिने लॅपटॉप उघडला. पाठीवर कुबड, पर नारिंगी, दोघांनी मिळून उचललेला प्रचंड महसीर. हा फक्त कावेरी खोऱ्यातला. त्याचं शास्त्रीय नाव 2018 मध्ये पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. मग तिने गळवाल्यांच्या कॅम्पवरच्या नोंदी दाखवल्या, 1998 ते 2012. निळ्या पराचे वाढत गेलेले, कुबडवाल्याची लहान पिल्लं दिसेनाशी झालेली. आणि निळे तिथले नव्हेतच. लोणावळ्यात 1970च्या दशकापासून महसीरचं बीज तयार होऊ लागलं, ते देशभर गेलं, कावेरीतही. आमच्या टाकीतले मूळ मासेही त्याच वाणाचे.

मी लगेच उसळलो. सुरुंग लावून मासे मारतात, वाळू उपसतात, धरणं बांधतात, ते नाही का कारण?

"आहेच ना सर," ती म्हणाली. "पण सुरुंग पराचा रंग बघून फुटत नाही."

मग अमेरिकेचं सांगत बसली. तिकडे केंद्रातल्या सॅमन माशांचा शेपटीआधीचा छोटा मांसल पर कापून सोडतात, म्हणजे गळाला लागला की नदीतला कुठला आणि टाकीतला कुठला ते कळतं. तरीही दोघांची सरमिसळ होऊन नदीतला वाण कमकुवत होतो, हा वाद तिथे वर्षानुवर्षं चालूच आहे. आमच्या महसीरला तो परच नाही. दुसरी खूण करता येते, पण एकदा सोडल्यावर आमचा मासा कुणी ओळखावा असं इथे कधी कुणाला वाटलेलं नाही. अहवालात एकच आकडा जातो, किती सोडले.

संध्याकाळी पॅकिंग. बोटुकली आदल्या दिवसापासून उपाशी, नाहीतर पिशवीतलं पाणी वाटेतच घाण होतं. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, वर रबरबँडचे चार वेढे. चलान इतकी वर्षं मी फक्त नगसंख्येसाठी वाचत आलो. त्या दिवशी ठिकाण वाचलं. दुसऱ्या राज्यातलं धरण, दुसरंच खोरं. साहेबांना विचारलं, तिथे आपला मासा मुळात आहे का?

"मागणी आहे, बीज आहे. तुला काय त्रास होतोय?"

पाऊस कोसळत होता आणि माणसं कमी होती. शेवटच्या खोक्यांना रबर लावायला त्या मुलीनेच हात दिला. गाडी सात वाजता सुटली.

चौथ्या दिवशी ट्रेमधली अंडी फुटली. पिल्लं नेहमीसारखी उजेड टाळून कोपऱ्यात डोकी खुपसून बसली, शेपट्या वर करून. मी चलानबुकात पेनाने एक रकाना आखला आहे, 'खोरं' म्हणून. साहेबांनी तो अजून पाहिलेला नाही.