तुम्ही विचारलंत म्हणून: अश्वगंधा चालू करू का?

"काका, हल्ली फार थकायला होतं, डोक्याला ताण असतो. अश्वगंधा चालू करू का? आणि कुठली चांगली?"

रविवार पेठेतल्या आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात हा प्रश्न आता रोजचा झालाय. वडिलांच्या काळी अश्वगंधा मागायला येणाऱ्याच्या हातात वैद्यांची चिठ्ठी असायची, नाहीतर घरात बाळंतीण असायची आणि डिंकाच्या लाडवांचं सामान हवं असायचं. आता मोबाइल पुढे येतो. त्यावर एका डबीचा फोटो, डबीवर 'अडॅप्टोजेन' आणि खाली दोन आश्वासनं: ताण कमी, ऊर्जा जास्त. मी फार्मसी शिकून या गादीवर बसलो, त्यामुळे लोक मला दोन्हीकडचं विचारतात, मुळीचंही आणि गोळीचंही. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

त्या डबीवर दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र छापल्या आहेत, अडॅप्टोजेन आणि अश्वगंधा. अडॅप्टोजेन ही कल्पना सोव्हिएत रशियातली. १९४७ मध्ये निकोलाय लाझारेव या विषशास्त्रज्ञाने ती मांडली: शरीराची कुठल्याही ताणाला तोंड देण्याची एकूण ताकद वाढवणारे पदार्थ. पुढे व्लादिवोस्तोकमध्ये इझ्राएल ब्रेखमन यांनी जिनसेंग आणि एल्युथेरोकोकस या वनस्पतींवर बरीच वर्षं काम केलं. खेळाडू, खलाशी, कामगार थकू नयेत, थंडीत आणि कष्टात टिकावेत, त्यांच्याकडून जास्त काम व्हावं, असा तो सगळा रोख होता.

अश्वगंधेचा आपल्याकडचा रोख निराळा आहे. चरकांनी ती दोन गटांत घातली, बल्य आणि बृंहणीय. म्हणजे बळ देणारी आणि झिजलेलं अंग भरून काढणारी. आयुर्वेदाचे दुसरे जुने ग्रंथकार वाग्भट तर थेट सांगतात की पंधरा दिवस दुधाबरोबर, तुपाबरोबर, तेलाबरोबर किंवा कोमट पाण्याबरोबर ती घेतली, तर पावसाने कोवळं पीक वाढावं तसं कृश माणसाचं शरीर भरतं. यातले दोन शब्द मी गिऱ्हाइकाला मुद्दाम ऐकवतो: कृश आणि पंधरा दिवस. औषध कुणाचं आणि किती काळ, हे त्यांनी एका श्लोकात सांगून टाकलंय. डबीवर यातलं काहीच नसतं. तिथे ती सगळ्यांसाठी आणि कायमची असते.

म्हणून कुठली घेऊ याच्या आधी मी विचारतो, वजन उतरलंय का? भूक कशी आहे? रात्री किती वाजता झोपता? रक्त तपासून किती दिवस झाले? काहींना हे आवडत नाही, दुकानदाराने एवढ्या चौकशा का कराव्यात असं त्यांना वाटतं. पण थकवा हा काही एक आजार नाही. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. जिना चढताना धाप लागणाऱ्या ताईंना लोह लागणार आहे. शाकाहारी घरातला तरुण सतत गळून गेलेला असेल तर बी-१२ बघायला हवं. थायरॉइड, साखर, हेही तसंच. अशा वेळी अश्वगंधेने बरं वाटलं, तर ते मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण तपासणी तेवढी लांबणीवर पडते.

खराडीला रात्रपाळी करणारा एक मुलगा सकाळच्या कॉफीसोबत घ्यायला अश्वगंधा मागत होता, तरतरी येईल म्हणून. मी त्याला म्हटलं, अरे, ही चहा-कॉफीसारखी जागं ठेवणारी वस्तूच नाही. हिचा गुण उलट शांत करण्याकडे आहे. ज्यांना ती लागू पडते ते पहिल्यांदा झोपेचंच सांगतात, झोप सलग लागते म्हणतात. मग दुसऱ्या दिवशी अंगात जे बळ वाटतं ते त्या झोपेचं असतं. ज्याला झोपायला वेळच नाही त्याला ती काय देणार?

आधुनिक चाचण्यांचं विचाराल, तर त्या आहेत आणि मी त्यांना कमी लेखत नाही. २०१२ मध्ये भारतातल्या ६४ तणावग्रस्त व्यक्तींवर झालेली एक चाचणी सगळीकडे सांगितली जाते. मुळीचा अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ६० दिवस. अश्वगंधा घेणाऱ्यांचा ताणाचा गुणांक खाली आला आणि रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं. नंतरच्या काही चाचण्यांचा कलही तिकडेच आहे, झोपेबद्दलही. पण यातल्या बहुतेक चाचण्या थोड्या माणसांवरच्या आणि दोन-तीन महिन्यांच्या. वर्षभर रोज घेतली तर काय होतं, याचं उत्तर त्यांच्यातून मिळत नाही. लोक मात्र वर्षभर घेतात.

आता जे सांगायला माझ्या धंद्यातले लोक कचरतात ते. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. औषध थांबवल्यावर ते सावरले. २०२३ मध्ये भारतातल्या डॉक्टरांनी असेच रुग्ण नोंदवले, आणि त्यात आधीपासून यकृताचा जुना आजार असलेल्यांपैकी काही जण दगावले. त्याच वर्षी डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. घेणाऱ्यांची संख्या बघता हे प्रकार विरळ आहेत, आणि डेन्मार्कचा निर्णय टोकाचा आहे असं मला वाटतं. पण 'जडीबुटी आहे, अपाय काही नाही' हे वाक्य आमच्या दुकानात कुणी उच्चारलेलं मला चालत नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरकडे जा. यकृताचा आजार असेल तर सुरूच करू नका. गरोदरपणात नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको, कारण अश्वगंधा थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांचं औषध चालू असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं.

मुळी आणि अर्क यांतला फरक समजून घ्या. आमच्याकडे येणारा माल बहुतेक नीमच-मंदसौरकडचा. वांगं, बटाटा, मिरची यांच्याच कुळातलं हे झुडूप. पावसाळ्यात पेरतात. थंडीत पानं पिवळी पडली, कागदी पापुद्र्यातली फळं लाल झाली की मुळासकट उपटतात, मुळ्या छाटून उन्हात वाळवतात आणि जाडीप्रमाणे प्रतवारी करतात. चांगली मुळी कटकन मोडते, आतून पांढरी आणि पिठूळ असते. किडीने पोखरलेली लगेच ओळखू येते, भुकटी गळायला लागते. चूर्ण झालं की यातलं काहीच दिसत नाही, म्हणून मी मुळी विकत घ्या म्हणतो. अर्काच्या गोळीत विथॅनोलाइड नावाची द्रव्यं एकवटलेली असतात. ३०० मिलिग्रॅम अर्क आणि ३०० मिलिग्रॅम चूर्ण एक नव्हे. गोळी घ्यायची असेल तर लेबलावर फक्त मुळीचा अर्क आहे का ते बघा. पानं स्वस्त पडतात, आणि त्यांत विथाफेरिन-ए हे तीव्र द्रव्य जास्त असतं. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं ते उगाच नाही.

मग मी कुणाला देतो? टायफॉइडमधून उठलेले, अंगावरचं मांस उतरलेले आजोबा, ज्यांची भूक आता परत आली आहे. बाळंतपणानंतरची सून, वैद्यांनी हो म्हटलं असेल तर. काळजीने खंगलेला, झोप उडालेला माणूस. ज्याचं पोट जड आहे, जिभेवर पांढरा थर आहे, अंगात आळस भरलाय, त्याला नाही. वैद्य अशा माणसाची आधी भूक आणि पचन सुधारतात, कारण ही पचायला जड आहे आणि दुधाबरोबर घेतली की अशांचं पोट फुगतं, कधी ढाळही होतात.

घ्यायची पद्धत जुनीच चांगली, क्षीरपाक. मुळीची भरड ५ ग्रॅम, दूध ४० मिलिलिटर, पाणी १६० मिलिलिटर. मंद आचेवर पाणी आटून दूध तेवढं उरेपर्यंत उकळायचं, गाळायचं, रात्री झोपण्यापूर्वी कोमट घ्यायचं. पंधरा दिवसांनी थांबा आणि बघा, झोपेत, भुकेत, वजनात फरक पडलाय का. काहीच नसेल तर पुढचा पुडा नेऊ नका. भरड लागेल तेवढीच कुटून घ्या, उरलेली मुळी कोरड्या बरणीत ठेवा. आणि आधी वैद्यांना दाखवून या; त्यांनी चिठ्ठीवर वेगळं प्रमाण लिहून दिलं तर त्यांचंच धरा, मी त्याप्रमाणे बांधून देईन.