आमची वाटचाल: 'नेट दाखवतंय, पण साइट उघडंना गेलीय'

लातूरच्या मार्केट यार्डाजवळ आमचं दुकान सुरू झालं ते कॉम्प्युटर जोडून देणं, टोनर भरणं आणि टॅली टाकून देणं यावर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्या दिवसांत नवा कॉम्प्युटर कोण घेणार? आहे तेच चालवून द्या, असं आडते म्हणायचे, आणि आम्ही दुरुस्तीकडे, तिथून नेटवर्ककडे वळलो. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला. मग नेट बंद म्हणजे दुकानाचं काम बंद, अशी गत झाली.

तेव्हापासून नेहमी येणारा फोन एकच: "दादा, नेट दाखवतंय, पण साइट उघडंना गेलीय." आमची मुलं आधी ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग मारून, म्हणजे 'आहेस का?' असं विचारून बघतात. उत्तर येतंय आणि नावानं मात्र काहीच उघडत नाही, म्हणजे लाइन ठीक आहे, घोळ डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा आहे. मग 'आयपीकॉन्फिग ऑल' ही नेटवर्कची माहिती दाखवणारी कमांड देऊन डीएनएस सर्व्हरची ओळ वाचायची. कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ताच १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरकडून काही मिळालेलंच नाही. आधी केबल आणि स्विच तपासायचा.

एका डाळमिलमध्ये वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर चालायचा, हिशेबाच्या खोलीतले दोन बंद. दुसऱ्या दिवशी उलटं. तिथं तर पिंगही जात नव्हता. बंद मशीनवर गेटवे (नेटकडे जायची वाट) आणि डीएनएस दोन्ही १९२.१६८.०.१ दिसले, मिलचा राउटर मात्र १९२.१६८.१.१ वर. म्हणजे पत्ते वाटणारा दुसरा कुणीतरी आत बसला होता, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता मशीन उचलत होतं. त्या ०.१ ला सतत पिंग लावून ठेवला आणि स्विचमधली एकेक केबल काढत गेलो. गोदामाकडची केबल काढताच पिंग थांबला. हमालांच्या मोबाइलला रेंज मिळावी म्हणून मुनीमजींनी तिथं वायफाय राउटर बसवला होता. हेतू चांगलाच होता. तो राउटर काढला नाही. त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद केलं, त्याला मोकळा पत्ता दिला आणि प्रत्येक मशीनवर रिलीज-रिन्यू केलं, म्हणजे जुना पत्ता सोडून नवा घ्यायला लावला.

यापेक्षा जास्त वेळ खातो तो हातानं भरलेला डीएनएस. कुणीतरी कधीतरी इंटरनेट कंपनीचा डीएनएस कॉम्प्युटरवर टाकून जातो; पुढं कनेक्शन बदलतं, आणि जुन्या कंपनीचा सर्व्हर बाहेरच्या लाइनीवरून विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तरच देत नाही. राउटर नवा, वायर नवी, तरी एकच मशीन अडतं. म्हणून आमचा नियम कडक आहे: कॉम्प्युटरवर सगळं 'ऑटोमॅटिक', डीएनएस बदलायचा तर फक्त राउटरच्या डीएचसीपीमध्ये. प्रिंटरचा पत्ताही तिथंच राखून ठेवायचा. हे सगळं एका कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवतो. पुढच्या वेळी दुसरा कुणी मेकॅनिक आला तरी त्याला शोधत बसावं लागू नये.

आता औसा, निलंगा, उदगीरपर्यंत कामं आहेत. कनेक्शन बदलणार असाल तर आधी कळवा. कुठल्या मशीनवर जुना डीएनएस अडकलाय ते आदल्या दिवशीच बघून ठेवतो, आणि बदल महिन्याच्या २० तारखेच्या, जीएसटी रिटर्नच्या गडबडीनंतरच करतो.