टीसीएल टाकलं, मग पाणी बाधलं कसं?

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांना इशारा देते, ४५ फुटांना धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली, २०२१च्या जुलैत पुन्हा ५०च्या पुढे. पाणी चढतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष आकड्याकडे असतं. गॅस्ट्रोचे पेशंट मात्र पाणी उतरल्यावर येतात, आणि प्रत्येक गावात उत्तर ठरलेलं: "विहिरीत टीसीएल टाकलंय की."

टाकलेलं असतंच. प्रश्न एवढाच, की पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का?

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, मूळ नाव ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. ताज्या पावडरीत वापरण्याजोगा क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. ऊन, दमट हवा आणि उघडं तोंड या तिघांपुढे तो टिकत नाही. पंपहाउसच्या ओल्या फरशीवर जूनपासून उघडं पडलेलं पोतं ऑगस्टमध्ये निम्मा चुना झालेलं असू शकतं. पावडरीची ढेकळं झाली, नाकाला झोंबेनाशी झाली, की ते पोतं संशयाचं. २० टक्क्यांच्या खालची पावडर वापरूच नये. नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासता येतो. साठवण झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात, कोरड्या अंधाऱ्या खोलीत करावी. लोखंडी डबा नको, तो गंजतो.

आता मात्रा. पुस्तकी हिशोब १००० लिटरला २.५ ग्रॅम असा आहे. विहिरीतलं पाणी मोजायचं तर व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४. मापं मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येतं, त्याला हजारानं गुणलं की लिटर. ४ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी असेल तर ६२,८०० लिटर, म्हणजे टीसीएल १५७ ग्रॅम. एरवीच्या स्वच्छ पाण्याला हे ठीक. पुराचं पाणी आत शिरलेल्या विहिरीला हा हिशोब लावला, की तिथंच सगळं फसतं.

कारण क्लोरीन आधी घाणीवर खर्च होतो. गाळ, शेणकाला, कुजका पाला, लोह हे सगळं त्याला खाऊन टाकतं. त्यातून उरला तर जंतूंच्या वाट्याला येणार. अमोनिया असला तर तो क्लोरीनला बांधून ठेवतो. अशा पाण्याला औषधाचा वास येतो, पण मारक शक्ती फार कमी असते. म्हणून 'वास येतोय म्हणजे शुद्ध आहे' यावर विसंबू नये.

पाण्याची ही भूक मोजण्यासाठी हॉरॉक्सची पेटी असते. ब्रिटिश लष्करातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांची पद्धत जुनी आहे, पण विहिरीच्या काठावर आजही तिच्याइतकं सोपं काही नाही. पेटीत सहा पांढरे कप असतात आणि आत खूण असलेला एक काळा कप. काळ्या कपात २ ग्रॅमचा एक सपाट चमचा टीसीएल घेऊन थोड्या पाण्यात त्याची पेस्ट करायची, खुणेपर्यंत पाणी घालून चांगलं ढवळायचं आणि चुना खाली बसू द्यायचा. पांढऱ्या कपांत विहिरीचंच पाणी. वरच्या निवळीचा पहिल्या कपात १ थेंब, दुसऱ्यात २, असं सहाव्यात ६ थेंब. प्रत्येक कपाला वेगळी काडी. अर्धा तास थांबून सगळ्यांत स्टार्च-आयोडाइडचे ३-३ थेंब टाकायचे. क्लोरीन शिल्लक असेल त्या कपात निळा रंग येतो. ज्या कपात पहिल्यांदा ठळक निळा दिसेल, त्याच्या क्रमांकाइतके चमचे ४५५ लिटरला लागतात. उगाच निळसर झाक आलेला कप धरू नका.

समजा तिसरा कप निळा झाला. म्हणजे ४५५ लिटरला ६ ग्रॅम. वरच्याच विहिरीला आता ८२८ ग्रॅम लागले. १५७ टाकून समाधान मानणारा माणूस कामचुकार नव्हता, त्याचा आकडा दुसऱ्या पाण्याचा होता. शिवाय पावडर जुनी असेल तर तेही या चाचणीत आपोआप धरलं जातं.

पुरात बुडालेल्या विहिरीचा आधी उपसा करावा. पण तो दमानं. काळ्या मातीत भोवतालचं पाणी अजून वर असतं, मोटर लावून विहीर झटक्यात कोरडी केली तर बांधकाम आत ढासळू शकतं.

टाकण्याची रीतही महत्त्वाची. कोरडी पावडर वरून भिरकावली, की निम्मी तवंगासारखी तरंगते आणि चुना तळाला जातो. प्लॅस्टिकच्या एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. आधी पातळ लापशी करायची, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचं, ५ ते १० मिनिटं निवळू द्यायचं. निवळी दुसऱ्या बादलीत काढायची, खालचा चुना टाकून द्यायचा. निवळीची बादली दोरानं पाण्याखाली सोडून वरखाली हलवायची, म्हणजे ती सगळीकडे पोचते. ८२८ ग्रॅमला अशा नऊ बादल्या होतात, कंटाळवाणं काम आहे. वारा पाठीशी घ्या, तोंडाला रुमाल बांधा. संडास धुण्याचं ॲसिड लागलेली बादली तर मुळीच नको, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

मग किमान एक तास पाण्याला हात लावायचा नाही. टाकीच्या गावात चूक इथंच होते: सकाळी सहाला टाकीत टीसीएल, सव्वासहाला व्हॉल्व्ह खुला. डोस रात्री टाकी भरताना गेला पाहिजे. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते दाखवणारी ऑर्थोटोलिडिन चाचणी, टाकीखाली करून रजिस्टर भरण्यात अर्थ नाही, ती शेवटच्या नळाला करावी. साथीच्या दिवसांत लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसला पाहिजे. टाकीखाली आहे आणि वस्तीत नाही, तर मधे कुठंतरी पाइप गटारात गळतोय. पाणी बंद असताना तीच गळती गटाराचं पाणी आत ओढते.

घरी गढूळ पाणी आलं तर तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं गाळून घ्या, मगच क्लोरीनची गोळी. अर्ध्या ग्रॅमची एक गोळी २० लिटरला, अर्धा तास थांबून. जळण किंवा गॅस असेल तर उकळणं सगळ्यात खात्रीचं. काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, उकळीला देतात. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं सांगतात, पण महाबळेश्वरकरांनाही ते लागू नाही.

जुलाब लागलेच, तर सलाईनसाठी धावण्याआधी ओआरएस. साखर आणि मीठ एकत्र असलं की आतडं पाणी आत घेतं, नुसत्या पाण्यानं हे तितकं होत नाही. २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, एकाच वेळी. ग्लासाला चिमूटभर नको, पाकीट अर्ध्या तांब्यातही नको: मीठ दाट झालेलं द्रावण पोराला अपाय करतं. तयार द्रावण उकळू नका, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्यानं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा. सोबत झिंक १४ दिवस, सहा महिन्यांवरच्याला रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती हळूहळू जागेवर गेली, मूल मलूल पडलं, पीत नाही किंवा शौचात रक्त आहे, तर घरी थांबायचं नाही. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला अँटिबायोटिकची गरज नसते. जुलाब थांबवायच्या गोळ्या लहान मुलांना देऊच नयेत.

लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिस या तापाला) मात्र विहिरीतल्या टीसीएलचा उपयोग नाही, तो उंदराच्या मुतानं दूषित चिखलातून पायाच्या जखमेवाटे शिरतो. गमबूट घाला, ताप आला की चिखलातल्या कामाचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

कॉलरा काही तासांत ते पाच दिवसांत दिसतो. काविळीचा ए विषाणू १५ ते ५० दिवस घेतो, ई साधारण दोन ते आठ आठवडे, आणि ई शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. ऑगस्टमध्ये प्यायलेलं पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोळ्यांत पिवळं दिसतं. तोवर ओटीची बाटली कपाटात गेलेली असते. ती दसऱ्यापर्यंत रोज बाहेर काढावी.